चुना, तंबाखू आणि बिनकेमिकलचा गूळ

बेळगावच्या खासबागेतल्या रविवारच्या बाजारात गुळाच्या ढेपा मांडून बसलेल्या एकाने मागे पुठ्ठ्याची पाटी टांगली होती : ‘बिनकेमिकलचा गूळ’. मी वाकून ढेप न्याहाळत होतो, तेवढ्यात त्याने खिशातून डबी काढली. डाव्या तळहातावर तंबाखू, बोटाच्या टोकावर चुना, अंगठ्याने मळणं, दोन थापा. सगळं न बघता, बोलता बोलता. “एक थेंब केमिकल नाही ओ ह्यात. बघा की खाऊन,” म्हणत त्याने गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि तंबाखूची चिमूट स्वतःच्या दाढेखाली.

गूळ चांगला होता. काळपट, किंचित खारट, घशात रेंगाळणारा. ‘पाणीसुद्धा केमिकलच’ हे शाळेतलं उत्तर त्याला ऐकवण्यात अर्थ नव्हता. ‘केमिकल’ म्हणजे कारखान्यातून पोत्यात भरून येतं ते, एवढा अर्थ साऱ्या बाजाराला ठाऊक आहे आणि त्या अर्थाने त्याची पाटी खरीही असेल. माझं लक्ष गुळापेक्षा त्या डबीतल्या चुन्याकडे होतं, कारण तो चुना त्याच्या गुळातही होता.

उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. तो तसाच काहिलीत आटवत नेला, तर आम्ल आणि उष्णता मिळून साखरेचे तुकडे पाडतात. मग गूळ नीट धरत नाही आणि पावसाळ्यात पाघळतो. म्हणून गुळव्या रसात चुन्याची निवळी घालतो, आम्ल मरतं. मग येतो भेंडीच्या खोडांचा बुळबुळीत रस. त्यातल्या लांबलचक साखळ्यांच्या शर्करा रसातला गाळ स्वतःभोवती गुंडाळून वर आणतात आणि चुलवाणाच्या धगीने तो फेस होऊन तरंगतो. ती मळी. झाऱ्याने ती काढत राहायची. चुना आम्ल मारतो आणि भेंडी गाळ धरते, अशी ही दोन रसायनांची जोडी आहे आणि तिची नेमकी मात्रा गुळव्याच्या डोळ्यांत असते.

गुळाचा तपकिरी रंगही काहिलीतच तयार होतो. तापलेल्या साखरेची रसातल्या अमिनो आम्लांशी गाठ पडते आणि त्यातून शेकडो नवे पदार्थ जन्माला येतात. लुई-कामीय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. बेळगावच्या हलवायांना तिचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण कुंद्याचा रंग आणि वास त्याच क्रियेचा. दूध आणि साखर तासन् तास आटवत बसायचं, ते या रंगासाठीच. गुळाच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाला हा रंग नकोसा झाला. गूळ पिवळाधमक हवा, म्हणून काहिलीत ‘हायड्रॉस’ पडू लागली. ही सोडियम हायड्रोसल्फाइटची पूड रंग उडवते आणि गंधकाचा अंश मागे ठेवते. ‘बिनकेमिकल’ची पाटी आली ती हिच्यामुळे. ही भीती रास्त आहे. फक्त ती ज्या शब्दाला चिकटली, तो शब्द चुकीचा आहे.

आता डबीतला चुना. तंबाखूच्या पानात निकोटीन बरंचसं आम्लांशी बांधलेलं असतं, क्षाराच्या रूपात. या बांधलेल्या रेणूवर विद्युतभार असतो, त्यामुळे गालाच्या आतल्या कातडीतून तो सहज आत शिरत नाही. चुना लावून मळला की मिश्रण अल्कधर्मी होतं, बांधलेलं निकोटीन सुटतं आणि भराभर रक्तात उतरतं. म्हणून चुना कमी पडला की जुनी माणसं म्हणायची, “आज लागली नाही.” सामू वगैरे शब्द त्यांच्या गावीही नव्हते, मोजमाप डोक्यात भिणभिणणाऱ्या तारेचं होतं. हीच चुन्याची करामत हळदीत दिसते. कुर्कुमीनला अल्क भेटला की पिवळं लाल होतं. पारंपरिक कुंकू याच मार्गाने तयार झालं आणि हळदीच्या डागावर साबण लावला की साडी लाल पडते तीही यामुळेच.

या बाजारातून महामार्गाने उत्तरेला गेलं की निपाणी. तिथल्या काळ्या रानात पिढ्यान् पिढ्या विडीची तंबाखू पिकली. सिगारेटच्या तंबाखूपेक्षा या जातींत निकोटीन सहसा बरंच जास्त असतं. पण झाड ते आपल्या तलफेसाठी बनवत नाही. निकोटीन तयार होतं मुळांत आणि पाण्याबरोबर वर चढून पानांत साठतं. किड्याने पान कुरतडलं, की मुळांकडे निरोप जातो आणि माल वाढवला जातो. शेतकरी शेंडा खुडतो तेव्हा झाडाला तोही हल्लाच वाटतो. फुलावर खर्च होणारं बळ पानांत उतरतं, निकोटीन वाढतं, पान जाड आणि ‘कडक’ होतं. म्हणजे खुडणी ही झाडाला घाबरवून त्याच्याकडून जास्त विष काढून घेण्याची कला झाली. तरी निसर्गात कुणाचंच राज्य कायम नसतं. तंबाखूची पानं खाणारी एक अळी आहे, आपल्याकडे सोयाबीनवर येते तीच. तिने हे विष पचवायची सोय केली आहे आणि ती मजेत पानांची चाळण करते.

माणसाला तशी सोय नाही. दहिवराने ओल्या झालेल्या पानांत सकाळी हात घातला, तर निकोटीन पाण्यात उतरून कातडीतून आत जातं. मळमळ, चक्कर, उलटी. जगभरच्या तंबाखू मजुरांना हा त्रास होतो. निपाणीच्या वखारींत वाळलेल्या पानाचा खकाणा होता. तिथे कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बाया दिवसभर तो श्वासात घेत. त्यांच्या संपावर ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये एक माहितीपट केला, नाव ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. मला हे नाव फार आवडतं. तंबाखूचा ढीग रचून ठेवला की तो आतून तापू लागतो, हे वखारीत काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. जिवाणू आणि पानातली विकरं कामाला लागलेली असतात. बायांच्या असंतोषाला त्या रसायनाचंच नाव मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक भाव मागत निपाणीच्या महामार्गावर बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. पानाचं रसायन समजावून सांगताना हा आकडा गाळून पुढे जाणं मला जमत नाही.

त्या उबेतच आणखी एक गोष्ट घडते. पान वाळताना आणि मुरताना जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते निकोटीन आणि त्याच्या भाऊबंदांशी जुळून नायट्रोसामाइन नावाची संयुगं तयार होतात. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके ही दोन माणसात कर्करोग घडवतात, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण सांगतं. तोंडाच्या कर्करोगातले हे मोठे गुन्हेगार. कारखान्यातून त्यात काहीही आलेलं नसतं. पान शेतातलं, ऊब आपोआप आलेली, चुना भाजलेल्या दगडाचा नाहीतर शिंपल्याचा. दाढेखालची ती चिमूट शुद्ध नैसर्गिक होती आणि त्या दुकानातली सर्वांत घातक वस्तूही तीच होती.

निकोटीन पानातून पहिल्यांदा वेगळं काढलं पोसेल्ट आणि राइमान या दोघा जर्मनांनी, १८२८ मध्ये. पुढे ते कीटकनाशक म्हणून जगभर विकलं गेलं. आज निकोटीन सल्फेट भारतात शेतात वापरायला बंदी आहे. बनवायचं ते फक्त निर्यातीसाठी. दुसरीकडे, नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकरांच्या पद्धतीने जे ‘अग्निअस्त्र’ उकळतात, त्यात गोमूत्र, कडुनिंब, लसूण आणि हिरवी मिरची यांच्या जोडीला तंबाखू असते. आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारं इमिडाक्लोप्रिड? ते किड्याच्या मज्जासंस्थेत निकोटीन जिथे बसतं नेमकं तिथेच जाऊन बसतं. त्या गटाचं नावच ‘निओनिकोटिनॉइड’, म्हणजे नव्या अवताराचं निकोटीन. नैसर्गिक कुठे संपलं आणि कृत्रिम कुठे सुरू झालं? आम्हा सीमाभागातल्या माणसांना अशा रेघांचं नवल नाही. रेघ नकाशावर असते; उसाला, पावसाला आणि आडनावांना ती दिसत नाही.

याचा अर्थ फवारणीची भीती सोडावी असा कुणी काढू नये. अमेरिकेतले ब्रूस एम्स यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यांसह हिशेब मांडला होता, की तिथल्या माणसाच्या पोटात जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी वजनाने ९९.९९ टक्के झाडांनी स्वतःच बनवलेली असतात, रोज सुमारे दीड ग्रॅम. हा आकडा कंपन्यांच्या वकिलांना फार आवडतो. पण वजन म्हणजे विषारीपणा नव्हे; आणि आपण वांगं शिजवून, सोलून, पिढ्यान् पिढ्या निवडून खातो, तसा फवारा निवडलेला नसतो. चरकसंहितेतही विष योग्य योजनेने औषध होतं आणि औषध अयोग्य योजनेने विष होतं, असा विचार आहेच. प्रश्न नेहमी दोनच राहतात, कोणतं आणि किती.

वांग्याचं नाव उगाच घेतलं नाही. वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा ही सगळी तंबाखूच्याच कुळातली. वांग्यात निकोटीन असतं, पण इतकं नगण्य की एका सिगारेटमधून जेवढं शरीरात जातं तेवढं मिळवायला दहाएक किलो वांगी खावी लागतील. बटाट्याचं प्रकरण जरा गंभीर. बेळगाव भागातलं हे जुनं पीक. उन्हात उघडा पडला की हिरवा होतो. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने तो येतो, त्याच उजेडात सोलॅनिन नावाचं विषही वाढतं आणि ते शिजवून जात नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये ‘लेनापे’ नावाची चिप्ससाठी उत्तम जात बाजारात आली, साध्या संकरातून. तीन वर्षांत मागे घ्यावी लागली, कारण त्यात सोलॅनिन फार. कुणी त्यात काही ओतलं नव्हतं.

मिरचीवाल्या मावशींपाशी संकेश्वरी आणि ब्याडगी शेजारी शेजारी होत्या. ब्याडगीत रंग, संकेश्वरीत ठसका. रंग कॅप्सॅन्थिनचा, ठसका कॅप्सेसिनचा. हे कॅप्सेसिन बीत नसतं, बी ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेलं असतं त्यात असतं. ते आपल्या शरीरातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकालाच फसवतं; डेव्हिड ज्युलियस यांनी हा ग्राहक १९९७ मध्ये शोधला, २०२१ चं नोबेल त्यासाठी. पक्ष्यांमधला हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. पक्षी मिरची खातो, बी दूर नेऊन टाकतो. दातांनी बी चावून टाकणाऱ्या प्राण्यांना मात्र झाड हाकलतं. माणसाने हाकललेलं ऐकलं नाहीच, वर ठेचा केला.

आणि तांदूळ. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातल्या बेळगाव बासमतीचा लौकिक जुना. भात शिजताना जो वास गल्लीभर जातो, त्याच्या मागच्या मुख्य रेणूचं नाव बोबडी वळवणारं आहे : टू-असिटाइल-वन-पायरोलिन. कॅलिफोर्नियातल्या बटरी आणि सहकाऱ्यांनी १९८२ च्या सुमारास तो सुवासिक तांदळात ओळखला. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा एकदशांश भाग असला तरी आपल्या नाकाला कळतो. गंमत अशी, की हा सुगंध म्हणजे एक बिघाड आहे. बिनवासाच्या तांदळात एक विकर कच्च्या मालाची वेळच्या वेळी विल्हेवाट लावतं. सुवासिक जातींत त्या विकराचा जीन मोडलेला असतो, म्हणून माल साचतो आणि दरवळतो. कुण्या शेतकऱ्याच्या नाकाने कधीतरी हे मोडकं रोप हेरलं आणि बियाण्याला राखलं.

भातात घालतात त्या ‘बासमतीच्या पाना’तही (ते झाड वेगळंच) हाच रेणू आहे, पावाच्या भाजलेल्या कडेतही. आणि वाघाच्या फवाऱ्यातही. वाघ हद्द आखायला झाडाझुडपांवर जो द्रव उडवतो, त्याला सुवासिक तांदळासारखा वास येतो, हे जंगलात फिरणाऱ्यांना माहीत होतं. कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींनी १९९० च्या सुमारास त्यात टू-असिटाइल-वन-पायरोलिन असल्याचं दाखवलं. खानापूरकडे भीमगडचं रान आहे. तिथल्या एखाद्या वाघाने खुणेसाठी जे उडवलं असेल आणि येळ्ळूरच्या पातेल्यातून जे दरवळतं, त्यात एक रेणू अगदी तोच. नाकालाही फरक कळायचा नाही.

परत येताना गूळवाल्याकडे थांबलो. काळपट ढेपेतला एक किलो तोडून मागितला. तो तागडीत गूळ घालत असताना माझ्या लक्षात आलं, पाटीच्या मागे, पोत्याखाली झाकलेल्या पाच-सहा पिवळ्याधमक ढेपा होत्या.

“ह्या कुणाला?” मी विचारलं.

त्याने आधी बाजूला थुंकून घेतलं. “लग्नाचं, सणाचं गिऱ्हाईक आलं की हेच मागतंय ओ. काळा दाखवला की म्हणतंय, जुना हाय काय?” आणि माझा गूळ कागदात बांधता बांधता त्याने पोतं पुन्हा नीट ओढून घेतलं.