पंचनाम्याआधीचा तास

गुरुवर्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत यंदा बोलण्याचा मान शाळेने मला दिला. मी या शाळेचा माजी विद्यार्थी. व्यवसायाने पोलीस अधिकारी, आता निवृत्त. विद्वत्तेचा विषय मजजवळ नाही. ज्या एका प्रश्नाने मला नोकरीत आणि नंतरही स्वस्थ बसू दिले नाही, तोच येथे मांडतो : रस्त्यावर माणूस जखमी होऊन पडला असता पोलिसाचे पहिले कर्तव्य कोणते?

१९८६ च्या पावसाळ्यात, बेळगाव जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्यात मी नवखा फौजदार होतो. एका संध्याकाळी भाजीचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. मागे गोणपाटावर एक स्कूटरस्वार निपचित पडला होता. टेम्पोवाल्या तरुणाने त्याला थेट दवाखान्यात न नेता आमच्याकडे आणले होते. कारण पोलिसांत वर्दी दिल्यावाचून डॉक्टर हात लावीत नाहीत, अशी त्या काळची समजूत होती, आणि बऱ्याच अंशी ती खरीही होती. मी काय केले? वर्दी लिहून घेतली, जबाब नोंदवला, जागा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते याची फोनवर चौकशी केली. यात पाऊण तास गेला. जखमी इस्पितळात पोहोचला तेव्हा डॉक्टरांच्या हाती काही उरले नव्हते. तो वाचला असताच असे मी म्हणू शकत नाही. वाचला नसता, असेही म्हणू शकत नाही. टेम्पो मात्र तपासासाठी अकरा दिवस ठेवून घेतला. माझे चुकले, असे तेव्हा कोणीही म्हटले नाही.

पुढे तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ते म्हटले. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. जवळच्या इस्पितळाने, हे पोलीस प्रकरण आहे, असे सांगून त्याला सुमारे वीस किलोमीटर दूरच्या इस्पितळाकडे पाठवले आणि तो वाटेतच मरण पावला. वृत्तपत्रातील या बातमीवरून परमानंद कटारा यांनी याचिका केली. २८ ऑगस्ट १९८९ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय आणि कायद्याची कोणतीही औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. साक्षीसाठी बोलावलेल्या डॉक्टरांना विनाकारण ताटकळत ठेवू नये, असेही त्यात आहे. हा शेवटचा मुद्दा गौण वाटेल, पण डॉक्टर 'पोलीस केस'ला का भीत असत, याचे उत्तर त्यातच आहे.

पोलिसाची अडचण मी जाणतो. पुरावा गेला तर गुन्हा कोर्टात टिकत नाही, हे प्रशिक्षणात त्याच्या मनावर बिंबवलेले असते. परंतु जखमीला उचलल्याने पुरावा जात नाही. तो कसा पडला होता हे खडूने आखून ठेवता येते, चाकांच्या खुणा मोजता येतात, छायाचित्र काढता येते. पंचनामा तासाभराने होऊ शकतो. रक्तस्राव मात्र तासाभराने थांबवून उपयोग नसतो. म्हणून आधी पोहोचलेल्या हवालदाराने वाहतूक अडवावी, वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, मान हलू न देता जखमीला उचलावे, बेशुद्धाला पाणी पाजू नये, आणि उलटी होत असल्यास त्याला कुशीवर वळवावे. एवढे ज्ञान दोन दिवसांच्या शिक्षणाने येते.

आता त्या टेम्पोवाल्याकडे वळतो. दोन वर्षांनी त्याच वळणावर दुसरा अपघात झाला. तो तेथून गेला, पण थांबला नाही. मी त्याला गाठून विचारले. तो म्हणाला, "साहेब, मागल्या खेपेला अकरा दिवस गाडी तुमच्याकडं हुती. हप्ता कुणी भरला, ते इचारलासा काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते उत्तर कायद्याने पुष्कळ उशिरा दिले. मदत करणाऱ्यांच्या रक्षणासाठी केंद्र शासनाने मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक केली. जखमीला इस्पितळात पोहोचवणाऱ्यास तात्काळ जाऊ द्यावे. तो प्रत्यक्षदर्शी असेल तर केवळ पत्ता घ्यावा. नाव सांगण्याची सक्ती करू नये. स्वेच्छेने साक्षीदार झाल्यास त्याची तपासणी एकदाच व्हावी. आपल्या कर्नाटकाने याच विषयावर स्वतंत्र कायदा केला, त्याला २०१८ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करताना जखमीला अधिक इजा झाली वा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. शाळेतील जी मुले आता दुचाकी चालवू लागली आहेत, त्यांनी हे पाठ करावे. क्वचित ठाण्यातल्यांनाही सांगावे लागते.

आणीबाणी केवळ अपघाताचीच नसते. रस्त्यावर भान हरपून भटकणाऱ्या मनोरुग्णाला आम्ही पूर्वी सर्रास कोठडीत बसवत असू. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते निषिद्ध ठरवले. त्याला संरक्षणात घ्यावे आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत पोहोचवावे, हे पोलिसाचे कर्तव्य आहे.

मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची योजना अधिसूचित केली. सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत. अपघात खरोखर रस्त्यावरचाच होता, याची खातरजमा पोलिसांनी करावयाची असते. म्हणजे कागद पुन्हा ठाण्याच्याच टेबलावर आला आहे. फरक इतकाच की, तो लिहिला जात असताना जखमी आता इस्पितळाच्या खाटेवर असतो, दारातल्या टेम्पोत नसतो.