होटनची पाणचक्की

इंग्लंडच्या केंब्रिजशायर परगण्यात ग्रेट ऊझ नदीच्या काठी, होटन या लहानशा गावाच्या सीमेवर, खाली विटांची आणि वर लाकडी फळ्यांची अशी एक भव्य पाणचक्की उभी आहे. आजची इमारत अठराव्या शतकातील असली, तरी तेथील गिरणी इ. स. ९७४ मध्ये रॅम्झीच्या नवस्थापित मठाला दान मिळाल्याची नोंद आहे. मठाच्या कुळांनी आपले धान्य मठाच्याच गिरणीत दळावे आणि दळणावळ म्हणून त्यातील ठरीव हिस्सा तेथेच ठेवावा, असा दस्तूर असल्यामुळे नदीचा वेग हादेखील जमिनीइतकाच मालकीचा आणि उत्पन्नाचा विषय होता.

आम्ही तेथे पोहोचलो ते एका खेळाच्या निमित्ताने. उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थाननिर्देशात अमेरिकी सरकारने हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे २००० च्या आरंभी दूर झाली, आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले; तेथून जगभर पसरलेल्या या गुप्तधनशोधात, सापडलेल्या डबीतील वहीत नाव लिहायचे आणि डबी होती तेथे परत ठेवायची, एवढाच रिवाज आहे. परंतु या शोधाने दृष्टी जागृत होते, आणि जागृत दृष्टीने पाहणाऱ्याला यंत्राची रचना आपोआप उलगडत जाते.

पाण्याने चाक फिरते, चाकाची गती दात्यांच्या चक्रांमधून उभ्या खांबाला मिळते, आणि त्याच गतीने धान्याची पोती सर्वांत वरच्या माळ्यावर चढतात. तेथून पुढचा सारा प्रवास धान्य स्वतःच्या भाराने करते. आपल्या जात्याप्रमाणेच खालची तळी स्थिर आणि वरची फिरती असते. मात्र जात्यात मूठमूठ वैरण घालणाऱ्या हाताचे काम येथे एक लाकडी पन्हळ करते. फिरत्या आसाच्या धक्क्यांनी ती हलत राहते. दगडाची गती वाढली की ती अधिक थरथरते आणि अधिक धान्य सोडते, गती मंदावली की आपला हात आखडता घेते. दगडांवरील खाचा झिजल्या म्हणजे त्यांना पुन्हा टाकी लावावी लागते, आणि पीठ फार तापू नये म्हणून दोन तळ्यांमधील अंतर सतत सांभाळावे लागते.

१९३० मध्ये येथील दळण थांबले, पुढे चाके काढली गेली. तथापि ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन इमारत विकत घेतली आणि १९३९ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केली. अनेक वर्षे तेथे युवकांचे वसतिगृह होते. १९९९ मध्ये नवे चाक बसले आणि दळण पुन्हा सुरू झाले. इमारत वाचवणे निराळे आणि यंत्र वाचवणे निराळे. इमारत डागडुजीने टिकते, परंतु टाकी लावण्याचे आणि पिठाचा पोत बोटांनी पारखण्याचे ज्ञान केवळ चालत्या यंत्रापाशीच जिवंत राहते. या दृष्टीने होटनचा जीर्णोद्धार अनुकरणीय आहे.

म्हणून छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील खाम नदीकाठची आपली पाणचक्की पाहण्यास जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती, की त्यांनी हौदाची शोभा पाहून परत फिरू नये. दगडापाशी घटकाभर थांबावे, आणि दुरून नळांवाटे आणलेल्या पाण्याने तो कसा फिरतो, हे बरोबरच्या मुलांना समजावून सांगावे.