भिंतीवरचा बसरा

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतल्या शिपायांच्या घरांत पहिले महायुद्ध ‘जर्मनची लढाई’ म्हणून ओळखले जाई. ती लढाई कुठे झाली, असे विचारले तर उत्तर यायचे : बसरा. घरचा माणूस जर्मनांशी नव्हे, तुर्कांशी लढला होता. पण सरकारने ज्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले त्याचेच नाव गावापर्यंत पोचले. जहाजातून उतरल्यावर पहिला पाय जिथे पडला ते बंदर आठवणीत राहिले. पुढचे कूत, बगदाद, मोसुल कुणी सांगितले, कुणी सांगितले नाही. शंभर वर्षांनंतर या आठवणीच्या जोडीला फारच थोडे उरले आहे : भिंतीवर पिवळा पडलेला एखादा फोटो, ट्रंकेच्या तळाशी पदक, कधी मोडीत लिहिलेले पत्र, जे आता घरात कुणालाच वाचता येत नाही.

या युद्धासाठी सुमारे तेरा लाख हिंदी सैनिक आणि कामगार समुद्रापार गेले. त्यांतले जवळपास सहा लाख एकट्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेणाऱ्या फौजेचे नावच ‘सहावी पुणे डिव्हिजन’ होते. इराणच्या आखातातले तेल आणि हिंदुस्थानकडे येणारा समुद्रमार्ग सांभाळण्यासाठी ती पाठवली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. बसरा सहज पडले, तशी बगदादची हाव सुटली. तैग्रिस नदीच्या काठाने फौज वर सरकत गेली आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनजवळ, बगदाद अगदी टप्प्यात आले असताना, तिला जबर मार खाऊन मागे फिरावे लागले. फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड कूत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात थांबले. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला.

वेढा जवळपास पाच महिने चालला. शिधा संपत आला तेव्हा घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. धर्माच्या बंधनामुळे बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले आणि भुकेने व स्कर्व्हीने त्यांचे हाल गोऱ्या शिपायांपेक्षा जास्त झाले. एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून धान्याच्या गोण्या टाकून पाहिल्या. युद्धाच्या इतिहासातल्या अशा अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक, पण तो अपुरा पडला. वेढा फोडायला आलेल्या फौजेचे तेवीस हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. २९ एप्रिलला सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. त्यानंतरची वाटचाल वेढ्याहून वाईट होती. उपाशी कैद्यांना बगदाद, मोसुलवरून रास-अल-ऐनकडे पायी नेले आणि पुष्कळांना रेल्वेच्या बांधकामावर जुंपले. हजारो माणसे वाटेवर आणि छावण्यांत मेली.

कैदेतून परतलेल्या मोजक्या शिक्षितांनी हे लिहून ठेवले. बंगाली रुग्णवाहिका पथकातील शिशिर सर्वाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक त्यांतले महत्त्वाचे. त्यांनी कैदेत आपली टिपणे फाडून बुटांत लपवून जपली होती. बहुतेक मराठा शिपायांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यामागे राहिले ते सांगितलेले आणि टिपलेले, म्हणजे गोष्टी आणि फोटो.

फोटो मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला प्रकार सरकारी आणि अधिकाऱ्यांच्या कॅमेऱ्यांचा. १९१५ मध्ये हिल्टन गर्डवुड यांनी फ्रान्समध्ये हिंदी फौजेची शेकडो छायाचित्रे घेतली. मेसोपोटेमियातही पुढे अधिकृत छायाचित्रकार होते आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खिशात कोडॅक होतेच. यांतला मोठा ठेवा लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आणि ब्रिटिश लायब्ररीत आहे. कूतच्या वेढ्यातून वाचून कैद्यांच्या अदलाबदलीत सुटलेल्या एका हिंदी शिपायाचे छायाचित्र त्यांपैकीच : छातीची हाड न् हाड मोजता येते, डोळे खोल गेलेले. हे चित्र जगभर छापले जाते, पण ते ‘एक हिंदी शिपाई’ म्हणूनच. अशा छायाचित्रांखाली पलटण, ठिकाण, कधी तारीख मिळते. शिपायाचे नाव क्वचितच.

दुसरा प्रकार स्टुडिओतला. लष्करी छावण्यांच्या गावांत स्टुडिओ असत. नवा गणवेश मिळाल्यावर किंवा रजेवर आल्यावर शिपाई तिथे उभा राही. मागे रंगवलेला पडदा, शेजारी खुर्ची किंवा उंच तिवई, आणि फार वेळ हलू नको असे सांगितल्यामुळे ताठरलेला चेहरा. कित्येकांच्या आयुष्यातला हा एकच फोटो. माणूस परत आला नाही तर त्याच फोटोला हार चढला, कुंकवाचे बोट लागले आणि तो देवघराजवळ गेला. महाराष्ट्राला ही रीत नवी नव्हती. गावच्या वेशीवरच्या वीरगळावरही लढताना पडलेला माणूस खालच्या चौकटीत आणि देवाच्या सान्निध्यात पोचलेला वरच्या चौकटीत कोरलेला असतो. नाव बहुधा नसते, कारण गाव त्याला ओळखत होते. फोटोच्या मागेही म्हणूनच काही लिहिलेले सापडत नाही. आजीला सांगायची गरज नव्हती, नातवाला विचारायचे सुचले नाही.

नाव हरवण्याचे काम सरकारी दगडांनीही केले. इंग्रज सरकारने खेड्यापाड्यांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच त्यांवरचा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण या युद्धात मारले गेले, असे सांगितले जाते आणि गाव तो आकडा अभिमानाने जपते. गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. मोठ्या स्मारकांची कथा याहून बोचरी आहे. १९२९ मध्ये उभारलेले बसरा स्मारक चाळीस हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांसाठी आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी साध्या शिपायांचा मात्र पलटणीनिहाय आकडा. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने आपल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली.

म्हणून घरातल्या फोटोचे मोल मोठे आहे. पण त्यावरून कोणते युद्ध हे ठरवताना घाई करू नये. ‘आजोबा बसऱ्याला होते’ एवढ्याने पहिले महायुद्ध सिद्ध होत नाही. १९४१ मध्ये हिंदी फौज पुन्हा बसऱ्यालाच उतरली होती. दोन पिढ्यांच्या गोष्टी एकाच माणसाच्या नावावर जमा झालेल्या असतात. गणवेश पाहावा. फेटा, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या आणि अंगावर चामड्याचा काडतूसपट्टा असेल तर काळ बहुधा पहिल्या युद्धाचा. खांद्यावरच्या पितळी अक्षरांत १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ यांपैकी आकडा दिसला तर फोटो १९२२ पूर्वीचा, कारण त्या वर्षी या सगळ्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. त्याच फेररचनेत ११७ वी पलटण ‘रॉयल’ बिरुदासह पाचवी बटालियन झाली. महार शिपायांच्या घरी १११ हा आकडा मिळू शकतो. ती पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली, त्यामुळे तिचा प्रत्येक फोटो दुर्मीळ.

पदके फोटोपेक्षा स्पष्ट बोलतात. राजाची मुद्रा असलेले गोल चांदीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि पंखांची देवी असलेले ‘व्हिक्टरी मेडल’ यांच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हीच माहिती मागच्या बाजूला असते. भिंगाने कड वाचावी, घासून चकाकी आणू नये. चांदीमुळे कित्येक पदके मोडीत गेली, ती परत मिळणार नाहीत. नाव व पलटण हाती आली की वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संगणकीय यादीत शोध घेता येतो. बऱ्याच हिंदी मृतांच्या नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि तालुकाही दिलेला असतो. मराठी नावे इंग्रजीत मन मानेल तशी लिहिलेली असल्याने चार-पाच रूपांनी शोधावे लागते.

फोटो जपताना तो काचेला चिकटला असेल तर ओढू नये; चौकटीसहच त्याची प्रत काढून घ्यावी. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी ती प्रत घेऊन बसावे आणि तारखा विचारण्याऐवजी हा कोण, कुणाचा, परत आला का, मनिऑर्डर कुणाच्या नावे यायची, हे विचारावे. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस घालून, प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहावीत.