त्रुटिप्रदान, दूरस्थ संगणकावरील
एका संगणकासमोर बसून दुसऱ्या संगणकावर चालविलेल्या आज्ञेतून निघणारा चूकसंदेशांचा प्रवाह. हा प्रवाह पडद्याऐवजी ठराविक फाइलीत नेण्याच्या क्रियेला त्याचे ‘वळण’ म्हणता येईल.

युनिक्स प्रणालीत प्रत्येक आज्ञेस तीन प्रवाह मिळतात : आदान (क्र. ०), प्रदान (क्र. १) व त्रुटिप्रदान (क्र. २). आरंभीच्या आवृत्त्यांत तिसरा प्रवाह नव्हता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत छायाक्षर जुळणी यंत्राकडे पाठविलेल्या मजकुराऐवजी चूकसंदेशच जुळून येऊ लागले, तेव्हा १९७०–८० या दशकात तो वेगळा काढण्यात आला.

दूरस्थ आज्ञेत मुख्य प्रश्न वळण कोठे घडते हा असतो. भाईंदर येथील संगणकावरून मुंबईतील संगणकावर नोंदींची प्रत काढण्याची आज्ञा दिली, असे समजू. ‘२>’ हे चिन्ह अवतरणचिन्हांच्या आत असेल, तर मुंबईतील शेल त्याचा अर्थ लावतो व त्रुटींची फाइल मुंबईत तयार होते. बाहेर असेल, तर ती भाईंदरला तयार होते. संपर्कच तुटला, तर त्याचा संदेश मात्र भाईंदरच्याच बाजूस उमटतो; मुंबईच्या फाइलीत तो शोधणे व्यर्थ होय. मुंबईतील खातेदाराचा शेल ‘सी’ शेल असल्यास अवतरणांतील ‘२>’ अपेक्षेप्रमाणे चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

‘> फाइल २>&१’ असे लिहिल्यास दोन्ही प्रवाह फाइलीत जातात. क्रम उलटा केल्यास केवळ प्रदान फाइलीत जाते आणि त्रुटी प्रदानाच्या मूळ ठिकाणी, बहुधा पडद्यावर, येतात. शेल चिन्हे डावीकडून उजवीकडे वाचतो, एवढेच याचे कारण.

बर्कली येथील ‘आरएसएच’ (१९८३) त्रुटींसाठी दुसरी जोडणी उघडीत असे. फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये रचलेली ‘एसएसएच’ दोन्ही प्रवाह एकाच सांकेतिक जोडणीतून, पण वेगळी खूण लावून आणते. आभासी टर्मिनल मागितल्यास मात्र ते पलीकडेच एकत्र होतात. मग प्रतीच्या फाइलीत चूकसंदेश मिसळून ती निकामी होण्याचा संभव असतो.

त्रुटी शून्य उपकरणात टाकून देण्याची सवय याहून घातक आहे. तबकडी भरल्याचा संदेशही त्याबरोबर नाहीसा होतो आणि प्रत अपुरी असल्याचे ती परत वाचावी लागते त्या दिवशी कळते. अशा वेळी निदान आज्ञेचा समाप्ती-अंक तपासावा. एसएसएच पलीकडील आज्ञेचाच अंक परत देते. तिच्या स्वतःच्या कामात बिघाड झाल्यास तो २५५ असतो.