शौर्य दिन (कोरेगाव भीमा)

शौर्य दिन हा १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगाव भीमाच्या लढाईचा स्मृतिदिन असून तो प्रामुख्याने आंबेडकरी समाज पाळतो. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील या लढाईत शिरूरहून पुण्याकडे निघालेल्या कॅप्टन स्टॉंटनच्या सुमारे ८०० जणांच्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या सैन्याला दिवसभर थोपवून धरले. रात्री पेशव्यांचे सैन्य मागे हटले. ही लढत अनिर्णित राहिली, असेही काही इतिहासकार मानतात. स्मारकाचे नाव मात्र विजयस्तंभ. ईस्ट इंडिया कंपनीने १८२१ मध्ये त्याची पायाभरणी केली. त्यावरील मृतांच्या नावांपैकी ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी २२ नावे महार सैनिकांची आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० साली सरकारकडे केलेल्या अर्जात याच नावांचा दाखला देण्यात आला. अशा रीतीने कंपनीने आपल्या गौरवार्थ उभारलेला स्तंभ, तिच्याच वारसदारांनी नाकारलेल्या सैनिकांचा पुरावा ठरला.

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्तंभास भेट दिली. तेव्हापासून या दिवसाला सामाजिक समतेच्या लढ्याचा अर्थ प्राप्त झाला. पेरणे (ता. हवेली, जि. पुणे) येथील स्तंभाला दरवर्षी लाखो अनुयायी मानवंदना देतात. २०१८ मध्ये, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, या परिसरात हिंसाचार होऊन एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या चौकशीसाठी राज्य शासनाने आयोग नेमला.