पाण्याआधी गवत

दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या उत्तरेला मुळा-मुठेचा काठ, ऊस आणि बारमाही ओल आहे. दक्षिणेला रेल्वे आणि सोलापूर महामार्ग ओलांडला, की भुलेश्वरच्या डोंगरापासून सुप्यापर्यंत कोरडे माळ पसरलेले दिसतात. या माळांवर वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक वेळा जून-जुलैत हुलकावणी देऊन परतीच्या सरींवर भिस्त ठेवायला लावतो. चौफुल्यावरून मोरगावकडे जाताना लागणाऱ्या सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून थोडेसेच अधिक, आणि ओळख चिंकाऱ्यांची. खोकड, लांडगा, तरस हेही याच माळांचे रहिवासी. मार्च उलटला की वन विभाग, गावकरी आणि निसर्गप्रेमी मंडळी सिमेंटचे पाणवठे भरायला लागतात. टँकर येतात, कुठे बोअरवर सौरपंप बसतो. ज्या भागात माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तिथे जनावरांसाठी पाणी काढून ठेवणे ही मोठ्या मनाची गोष्ट आहे. पण माळावर पाणी कुठे, किती आणि किती दिवस ठेवायचे, हा प्रश्न दयेइतकाच हिशेबाचा आहे. त्या हिशेबात गवत पाण्याच्या आधी येते, असे माझे म्हणणे आहे.

या हिशेबाचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत महागडा अनुभव दक्षिण आफ्रिकेच्या गाठीशी आहे. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागातला पाऊस आपल्या दौंड-बारामतीसारखाच. तिथे १९३०च्या दशकापासून जनावरांसाठी बोअर घ्यायला आणि बंधारे बांधायला सुरुवात झाली. पुढे पश्चिम सीमेवर कुंपण पडले, दुष्काळात डोंगराकडे सरकण्याची कळपांची वाट बंद झाली आणि बोअरची गरज आणखी पटली. बोअरची संख्या तीनशेच्या वर गेली. मग उत्तरेच्या गवताळ मैदानांत, जिथे पूर्वी कोरड्या दिवसांत फारसे कोणी थांबत नसे, तिथे झेब्रे आणि वाइल्डबीस्ट बारमाही राहू लागले. त्यांच्या मागोमाग सिंह आले. या मैदानांत रोआन नावाचे दुर्मीळ हरिण उंच गवताच्या आडोशाने राही. आता त्याचे गवत झेब्र्यांनी खाल्ले, त्याला सिंहांनी खाल्ले आणि वर दुष्काळ पडला. १९८६च्या सुमारास साडेचारशेच्या घरात असलेले रोआन १९९३पर्यंत पंचेचाळीसच्या आसपास उरले. नंतर तिथले पाणी बंद करण्यात आले, झेब्रे पांगले. पण रोआनची संख्या काही सावरली नाही. पाणी देणाऱ्यांच्या मनात कुणाचेही वाईट नव्हते. पाण्याने आपला पक्ष आपणच निवडला, आणि तो जास्त पिणाऱ्यांचा होता.

क्रुगरला लागून क्लासेरी हे खासगी अभयारण्य आहे. १९८२-८३च्या दुष्काळात तिथे जे घडले ते याहून बोलके आहे. क्लासेरीत पाणवठे इतके जवळजवळ होते की कुठल्याही जनावराला पाण्यासाठी लांब जावे लागत नव्हते. तरीही तिथली मरतूक क्रुगरपेक्षा कितीतरी अधिक झाली, आणि ती तहानेने नव्हे, उपासमारीने. कारण साधे आहे. पाण्यापासून लांबचे रान चांगल्या वर्षांत फारसे चरले जात नाही. तिथले गवत शिल्लक राहते आणि वाईट वर्षी तेच कामी येते. सगळीकडे पाणी पोचले की हे राखीव वैरणीचे कोठार आधीच रिकामे होते. क्रुगरमध्ये पुढे अनेक बोअर बंद करण्यात आले, त्यामागे हाच धडा होता.

आता आपल्या माळाकडे पाहू. चिंकारा हा मुळातच कोरड्या मुलखाचा प्राणी आहे. पाला, शेंगा, बोरे आणि पहाटेच्या दवाने ओलावलेले गवत यांतून तो बरेचसे पाणी मिळवतो, लघवीवाटे फार कमी पाणी घालवतो आणि उघडे पाणी न पिता दीर्घकाळ काढू शकतो. पखुर्डीसारख्या पक्ष्याला मात्र रोज पाणी लागते. नर आपल्या पोटाची पिसे भिजवून पिलांसाठी पाणी नेतो. म्हणजे माळावरच्या प्रत्येकाची गरज वेगळी आहे. बारमाही भरलेल्या टाकीचा सर्वाधिक फायदा कुणाला होतो? गावातून येणाऱ्या मोकाट कुत्र्यांना, शेळ्या-मेंढ्यांना, रानडुकरांना. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातील अभ्यासात मोकाट कुत्र्यांमध्ये आणि खोकडांमध्ये डिस्टेंपर व पार्व्होसारख्या विषाणूंचा संसर्ग आढळला आहे. दोघांना एकाच काठावर रोज आणून उभे करणे म्हणजे रोगाला वाट करून देणे. शिवाय कुत्र्यांची टोळी चिंकाऱ्याचा पाठलाग करून त्याला मारते, आणि सावज कुठे येणार हे टाकी त्यांना आयते सांगते.

पाणी प्राणी निवडते याचा पुरावा शिरूर-दौंडकरांना आफ्रिकेत शोधायची गरज नाही. कालवे, बंधारे आणि उपसा योजनांनी भीमा-घोडच्या खोऱ्यात उसाची दाट, ओली, बारमाही सावली उभी केली. त्या सावलीत बिबट्या राहायला आला, तिथेच त्याची पिले वाढू लागली, आणि आज शिरूर तालुक्यात संध्याकाळी शेतावर जाताना माणसे हातात काठी आणि बॅटरी घेतात. हे पाणी कुणी बिबट्यासाठी आणले नव्हते. पण दुष्काळी प्रदेशात पाण्याचा नकाशा बदलला की प्राण्यांचा नकाशाही बदलतो, आणि ज्याचे माळ उसाखाली गेले त्या चिंकाऱ्याची जागा त्याच नकाशात आकसते.

यावर पहिला आक्षेप असा, की क्रुगर सुमारे एकोणीस हजार चौरस किलोमीटरांचे आहे आणि मयूरेश्वर पाचचे. इथे जनावरांना सरकायला जागाच नाही, मग पाणी नको कसे म्हणता? आक्षेप खरा आहे. एकदा जनावरे दिलेल्या पाण्यावर विसंबली की ते काढून घेता येत नाही, हे झिंबाब्वेच्या ह्वांगे उद्यानात दिसते. तिथे बारमाही नदी नाही. १९२८मध्ये नेमले गेलेले तिथले पहिले वॉर्डन टेड डेव्हिसन यांनी पुढे बोअरवर पाणी आणले, हत्ती वाढत वाढत चाळीस हजारांच्या पुढे गेले, आणि आता पंप बंद करायचे म्हटले तरी करता येत नाहीत. २०१९च्या दुष्काळात पंप चालू असतानाही झिंबाब्वेत दोनशेहून अधिक हत्ती दगावले, त्यातले बहुतेक ह्वांगेतले. वाटा अडवून कोंडलेल्या जनावरांची जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते, हे मला मान्य आहे; पाणवठे मोडून टाका असे मी म्हणत नाही. पण जागा जितकी लहान तितकी चूक लवकर अंगलट येते, म्हणून पाच चौरस किलोमीटरांत हिशेब अधिक काटेकोर हवा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: रानात पाणी नसले तर जनावरे गावाकडे येतात, रस्त्यावर गाडीखाली सापडतात, विहिरीत पडतात. हेही खरे. म्हणूनच पाणवठा रस्त्यापासून आणि वस्तीपासून लांब, आतल्या बाजूला हवा. पण बिनकठड्याच्या विहिरीवर कठडा बांधणे हे त्याहून टिकाऊ काम आहे. त्याला दरवर्षी टँकर लागत नाही. तिसरा आक्षेप मनाचा: डोळ्यांदेखत पाडस तडफडत असताना हिशेब कसला मांडता? अशा वेळी पाणी द्यावेच. पण एप्रिलमध्ये तडफडणाऱ्या पाडसाचे दुखणे बहुधा नोव्हेंबरातच सुरू झालेले असते, जेव्हा माळ पेटवला गेला, अति चरला गेला किंवा गवत उपटून त्यावर झाडे लावण्यात आली. पवन्या, मारवेल, शेडा ही गवते उभी असतील, बोर, हिवर आणि नेपती शाबूत असतील, तर चिंकाऱ्याला सावलीही मिळते, आडोसाही मिळतो आणि ओलावाही मिळतो. सिमेंटची टाकी यांतले एकच देते.

त्यामुळे पाणवठे थोडे, एकमेकांपासून लांब आणि हंगामी असावेत. पाऊस लागला की कोरडे पडू द्यावेत. काठ उतरता असावा, म्हणजे तितराचे पिलू, साप, ससा आत पडला तर बाहेर येईल. पाणी साचून हिरवे होऊ देऊ नये. कोण पिऊन जाते याची नोंद कॅमेऱ्याने ठेवावी, आणि कुत्रीच जास्त दिसू लागली तर ती टाकी बंद करण्याची तयारी ठेवावी. गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे पाणवठ्याच्याच खर्चात धरावे. मेंढपाळांशी बसून कुठला माळ केव्हा राखायचा हे ठरवावे. धनगरांना गवताची जाण आपल्यापेक्षा जास्त आहे आणि लांडग्याशी त्यांचे जुने शेजारपण आहे. हे सगळे ठरवण्याची वेळ उन्हाळ्याची नाही. दिवाळीच्या सुमारास गवत पिकून उभे असते, कुसळे झडू लागतात. जाळरेषा काढण्याचे, राखायचे पट्टे आखण्याचे आणि येत्या मे महिन्यात टँकर किती लागतील हे मोजण्याचे काम याच दिवसांतले आहे.