कोब्याखालचे वळसे

इंग्लंडमध्ये रेडिंगला आमचं घर 1930च्या दशकातलं, आणि स्वयंपाकघर उत्तरेकडे. जानेवारीत आई तिथे दोन-दोन मोजे घालून उभी राहायची, तरी तिचे पाय आखडायचे. रेडिएटरची गरम हवा छताशी जायची आणि लादी मात्र बर्फासारखी. घराचं काम काढलं तेव्हा पहिला पैसा जमीन खालून तापवण्यात घालायचं ठरवलं.

जुनी जमीन फोडून नवं काँक्रीट केलं. त्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला आणि 100 मिलिमीटर जाडीचे फोमचे बोर्ड बसवले. पैसे वाचवायला या बोर्डांची जाडी कमी करावी असं वाटतं, पण तिथे हात आखडू नये. नाहीतर आयुष्यभर खालची माती तापवत बसाल.

मग आला पाइप. 16 मिलिमीटरचा, प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. प्लंबर उलट्या पावलांनी मागे सरकत होता आणि दर हातभर अंतरावर चिमटा ठोकत होता. गरम पाणी नेणाऱ्या पाइपाला लागूनच परतीचा पाइप, दोघांत 15 सेंटिमीटर. असे शेजारी ठेवले की ऊब सगळीकडे सारखी पसरते. ओट्याखालची आणि फ्रिजखालची जागा वगळून 18 चौरस मीटरला 120 मीटर पाइप लागला, 60-60 मीटरच्या दोन फेऱ्यांत. एका वळणावर तो मुडपला. प्लंबरने अख्खी फेरी उचलून बाजूला टाकली आणि नवं भेंडोळं उघडलं. कोब्याखाली सांधा ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

पाइपात पाणी भरून 6 बारचा दाब दिला. सकाळी पाहिलं तर दाबमापकाचा काटा चारच्या खाली. पोटात गोळा आला. टॉर्च घेऊन सगळ्या फेऱ्या तपासल्या. शेवटी भिंतीवरच्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या फेऱ्या जिथे जुळतात त्या नळजोडाच्या, एका नटाखाली बोट फिरवलं, ते ओलं झालं. नट आवळल्यावर काटा दिवसभर हलला नाही. दाब तसाच ठेवून वर 65 मिलिमीटरचा कोबा घातला, म्हणजे कुणाच्या फावड्याने पाइप फुटलाच तर काटा लगेच सांगेल. त्याआधी मी मोजपट्टी ठेवून प्रत्येक वळशाचे फोटो काढले.

कोबा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाळतो, खालचा भाग त्याहून सावकाश. घाईने तापवला तर तडकतो. तीन आठवड्यांनी आधी 25 अंशांचं पाणी तीन दिवस फिरवलं, मग हळूहळू वाढवलं. आता लादी बसून महिने झाले. रेडिएटरला 60-70 अंशांचं पाणी लागायचं, इथे 38 पुरतं.

परवा आईने लादी पुसली आणि मला हाक मारली. ओल पाइपांवर आधी सुकत होती. जमिनीवर मिनिटभर ते सगळे वळसे उमटले होते, आणि ती अनवाणी उभी राहून ते मोजत होती.